जतचे बिऱ्हाड

"जत? म्हणजे सोलापूरकडे कुठेसे आले का हो?"

पुण्याच्या लग्नघरात पंगतीला शेजारी बसलेले गृहस्थ हा प्रश्न हमखास विचारतात. मी सांगतो, सांगली जिल्ह्यात. मग त्यांचा चेहरा खुलतो. कृष्णाकाठची वांगी, हळद, भडंग, हरिपूरचा संगम असे एक हिरवेगार चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे उभे राहते. ते मोडणे जिवावर येते, पण मोडावे लागते. आमच्याकडे कृष्णा नाही. सांगलीपेक्षा आम्हाला विजापूर जवळ. सांगली जिल्ह्याच्या नकाशात पूर्वेला एक भला मोठा तुकडा कर्नाटकात घुसल्यासारखा दिसतो, तो आमचा जत तालुका. 'जत रोड' नावाचे रेल्वे स्टेशन आहे खरे. परंतु त्या नावावर विसंबून तिथे उतरलेला माणूस जतला पोचेपर्यंत 'रोड' या शब्दाचा अर्थ पुरेपूर शिकतो.

मराठीचा व्याख्याता म्हणून मी इकडे आलो तेव्हा गावात नुकतीच नगरपरिषद झाली होती. 2012 सालची गोष्ट. ग्रामपंचायतीची नगरपरिषद झाली की रस्ते रुंद होण्याआधी भाडी वाढतात. गावातल्या दोन खोल्यांचे भाडे दोन वर्षांत दीडपट झाले, आणि घरमालकाने "पुढल्या महिन्यापासून" अशी सुरुवात करताच सौ.ने भांडी बांधायला घेतली. कॉलेजातल्या एका शिपायाने सुचवले, "सर, वस्तीवर ऱ्हावा की. निम्म्यात काम हुतंय."

वस्ती म्हणजे काय, हे शहरातल्या वाचकाला सांगायला हवे. इकडे शेतकरी गावात दाटीवाटीने राहत नाही. जमीन हलकी, मुरमाड. पोट भरायचे तर पुष्कळ लागते. ती राखायची तर तिच्यावरच राहावे लागते. म्हणून भावकीची चार-सहा घरे शिवारात जिथल्या तिथे उभी राहतात, आणि ज्या घराण्याची ती घरे, त्याच्या आडनावाची ती वस्ती होते. आमची वस्ती विजापूरच्या अंगाला, गावापासून 4 किलोमीटरवर. थोरल्या मुलासाठी बांधलेले तीन खोल्यांचे घर रिकामे पडले होते. मुलगा पिंपरीच्या कारखान्यात लागला होता. मालकांना सगळे आप्पा म्हणतात आणि त्यांच्या मंडळींना अव्वा. भाडे किती, असे विचारल्यावर आप्पांनी बराच वेळ बाभळीकडे पाहिले आणि म्हणाले, "तुम्हीच सांगा की सर. मास्तर मानसाकडनं काय घ्यायचं?" मी भीत भीत 1500 म्हणालो. आप्पा म्हणाले, "लई झालं. बाराशे द्या."

या बाराशेत काय काय आले, याचा हिशेब मी पुण्याच्या मेव्हण्याला एकदा पत्रासारखा लिहून पाठवला होता. अंगण एवढे, की मुलगी त्यात सायकल शिकली. रोज तांब्याभर ताक. माघात शाळूचा हुरडा, तोही आगटीपाशी बसून. भुईमुगाच्या शेंगा, हुलग्याचे माडगे, आणि अव्वांच्या हातची कडक भाकरी, जी आठ दिवस टिकते आणि प्रवासात दगडासारखी उपयोगी पडते. माघ-फाल्गुनात द्राक्षे उतरली की शेडमध्ये बेदाणा वाळत पडतो. हवेत ओल नाही, म्हणून तो इथे असा वाळतो. निसर्गाने जे दिले नाही, त्याचाच व्यापार करणारा असा प्रांत मी दुसरा पाहिला नाही. मेव्हण्याचे उत्तर आले: "सगळे झकास. पाण्याचे काय?"

मेव्हणा बँकेत आहे. वहीचे दुसरे पान उलटल्याशिवाय तो सही करत नाही.

पाण्याचे असे, की ते विकत. वर्षाचा पाऊस जेमतेम 500 मिलिमीटर, तोही बहुतेक परतीच्या वाटेवर असलेला. पावसाळ्यात ढग आमच्या डोक्यावरून पूर्वेकडे जाताना दिसतात, चौकशी करीत नाहीत. याच जिल्ह्यातल्या शिराळ्याकडे याच्या दुपटीहून अधिक पडतो. बोअरचे पाणी फाल्गुनात आटते. मग 5 हजार लिटरचा टँकर सांगायचा. तो सकाळी येतो म्हणतो आणि रात्री येतो, आणि उन्हाळ्यात त्याचा दर पाहुण्यासारखा दर आठवड्याला नवे रूप घेऊन येतो. पहिल्या उन्हाळ्यात आमचा टँकरचा खर्च घरभाड्याच्या तिपटीवर गेला. स्वस्त घर म्हणतात ते हे.

पण खर्चापेक्षा शिस्त अवघड गेली. सौ. कोकणातली. तिच्या माहेरी पाणी वाहत असते आणि माणसे त्याच्या कडेला राहतात. इथे अव्वांनी तिला एका पाण्याची चार पाणी करायला शिकवले. भाज्या धुतल्या त्यात भांडी विसळायची, त्यातले निवळ म्हशीच्या आंबोणात, खालचा गाळ डाळिंबाच्या आळ्यात. अंघोळीचा दगड अशा जागी, की ओघळ शेवग्याच्या मुळाशी जावा. पाहुणा आला की आधी तांब्या पुढे येतो, आणि तो पुरता न पिता ठेवला तर अव्वा काही बोलत नाहीत. उरलेले उचलून तुळशीला घालतात आणि पाहुण्याकडे एकदा पाहतात.

एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली तेव्हा साऱ्या देशाने तिची छायाचित्रे पाहिली. आमच्या वस्तीवर आप्पांनी ते वर्तमानपत्र दोनदा वाचून घेतले. मिरज आमच्याच जिल्ह्यात. लातूरकरांना पाणी मिळाले याचा त्यांना खरोखर आनंद झाला होता. तरी दिवसभर ते गप्प होते. आणि ऑगस्ट 2019 मध्ये तर कमालच झाली. आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर चढली, सांगलीत माणसे माडीवरून होड्यांत उतरली. त्याच आठवड्यात आमच्या दारात टँकर उभा होता. वस्तीवरल्या बायकांनी पुरात सापडलेल्यांसाठी भाकरी थापून पाठवल्या, त्याही टँकरच्या पाण्याने पीठ मळून.

आता माझ्या विषयाकडे, म्हणजे मराठीकडे वळतो. वस्तीवर घरची भाषा कानडी. सकाळी तोंड धुताना बांधापलीकडून "ऊटा आतेन्री?" म्हणजे जेवण झाले का, अशी हाक येते, आणि उत्तर मराठीत दिले तरी चालते. पोरे मराठी शाळेत जातात, म्हशीला कानडीत हाकतात, भांडताना दोन्ही वापरतात. त्यांची मराठी चांगली असते. फक्त लिंगाशी त्यांचे पटत नाही. 'पाणी आला' आणि 'टँकर आली' हे मी वर्षानुवर्षे लाल शाईने दुरुस्त करीत आलो आहे. सौ. सहा महिन्यांत कानडी बोलू लागली. मला अजून फक्त समजते, हे मी कॉलेजात सांगत नाही.

हे मिश्रण आजचे नव्हे. जतचे संस्थानिक डफळे मराठे, मूळ डफळापूरचे पाटील, आणि त्यांचा उदय विजापूरच्या आदिलशाहीत झाला. 1948 साली संस्थान विलीन झाले, पुढच्या वर्षी तालुका दक्षिण साताऱ्यात गेला, आणि 1960 साली त्या जिल्ह्याचे नाव सांगली झाले. मधल्या काळात भाषावार प्रांतरचना होऊन गेली. महाजन आयोगाने 1967 च्या अहवालात जत तालुक्यातली काही गावे म्हैसूर राज्याला द्यावीत असे सुचवले. ते महाराष्ट्राने मानले नाही, आणि म्हशींना ते कळले नाही.

नोव्हेंबर 2022 मध्ये मात्र आम्ही एकाएकी प्रसिद्ध झालो. कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांनी जतच्या 40 गावांवर हक्क सांगण्याचा विचार बोलून दाखवला. आधार काय, तर या गावांनी पूर्वी केलेले ठराव. पाणी देत नसाल तर आम्ही पलीकडे जातो, असे ते 2012 च्या सुमारासचे ठराव होते. ज्यांना जत ठाऊक नव्हते त्यांनी आता जतसाठी प्राण देण्याची भाषा सुरू केली. मेव्हण्याचा फोन आला, "तुझे शेजारी फितूर झाले म्हणे!"

मी चिडलो. कोणावर, ते मला नीट सांगता येईना. बेळगावच्या 1946 च्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, हे मी दर वर्षी वर्गात अभिमानाने शिकवतो. लोकांना हवे त्या राज्यात त्यांना राहू द्या, ही आपली बेळगावसाठीची मागणी. तीच मागणी माझ्या आप्पांच्या तोंडी आली की ती फितुरी कशी? मी संध्याकाळी आप्पांना सरळ विचारले. ते कडब्याच्या पेंढ्या मोजत होते. पेंढी खाली ठेवून म्हणाले, "सर, आमी कुटं जानार? रान हितंच हाय. ठराव केला नसता तर तुमच्या मुंबईत आमचं नाव तरी कुनी घेतलं असतं व्हय?" 'तुमच्या मुंबईत' हे मला लागले. मुंबई माझी कधी झाली?

त्या आठवड्यात मी वर्गात 'माझे गाव' हा निबंध दिला. सीमेलगतच्या खेड्यातल्या एका मुलीने लिहिले होते, 'ज्या राज्याची पाणी पहिल्यांदा येईल, ती राज्य आमची.' दोन वाक्यखंडांत लिंगाच्या तीन चुका. लाल पेन उघडून मी बराच वेळ बसलो. शेवटी चुका सुधारल्या आणि गुण पूर्ण दिले. सहकाऱ्यांना हे पटले नाही. मलाही पुरते पटले आहे असे नाही. पुढे तिच्याच बाजूचा तिकोंडीचा तलाव कर्नाटकातून सोडलेल्या पाण्याने भरला, आणि इकडे आपल्या सरकारने म्हैसाळच्या विस्तारित योजनेला गती दिली. कृष्णेचे पाणी पंपांनी टप्प्याटप्प्याने चढवत आमच्या पूर्व भागात आणायची ही योजना. कामही सुरू झाले. ठरावाला गुण कुणी किती दिले, ते यावरून समजावे.

गेल्या वर्षी आप्पांनी रस्त्याकडेची बिगरशेती झालेली 3 गुंठे जागा आम्हाला देऊ केली. पुण्यात ज्या रकमेत मोटार उभी करायला जागा मिळत नाही त्या रकमेत. विसार दिला आणि आधी बोअर मारायचे ठरले. पाणाड्याने नारळ तळहातावर उभा करून जागा दाखवली. तमिळनाडूची गाडी रात्री आली. गाडीवरची पोरे तमिळ बोलत होती, आप्पा कानडी, मी मराठी. 200 फुटांवर काळा पाषाण लागला, 400 वर पाषाण, 600 वर पांढरी धूळ. पाणी लागले नाही ही गोष्ट मात्र आम्हा सर्वांना एकाच क्षणी समजली. फुटाच्या दराने पैसे मोजताना माझा हात थरथरला. पहाटे आप्पा विसाराचे पाकीट घेऊन दारात उभे. "पानी न्हाई तितं घर कशाला सर? हे घ्या."

मेव्हण्यानेही तेच सांगितले: सांगलीत फ्लॅट बघ. मी जवळजवळ मान डोलावली होती. तेवढ्यात दहावीतल्या मुलीने वहीचा कागद पुढे केला. हजार चौरस फुटांच्या छपरावर 500 मिलिमीटर पाऊस, म्हणजे सुमारे 46 हजार लिटर; नऊ टँकर. "बाबा, हे आपण दर वर्षी अंगणात सांडतो." सौ.ने आकडा दोनदा पडताळला आणि पाकीट अव्वांच्या ओट्यात परत टाकले.

तर घराआधी हौदाचा खड्डा झाला आहे. गिलावा व्हायचा होता, विटा यायच्या होत्या, आणि नवरात्रातल्या एका रात्री परतीचा पाऊस कोसळला. पहाटे उठून पाहतो तो खड्ड्यात कमरेएवढे पाणी, आणि काठावर घोंगडे पांघरून आप्पा. "नीर बंतु, सर," ते म्हणाले. न गिलावलेल्या मुरमात ते दुपारपर्यंतही टिकणार नव्हते. सौ.ने पदर खोचला, अव्वांनी घागरी काढल्या, आणि मी, मुलगी, आप्पा आणि वस्तीवरली झाडून सगळी पोरे ओळीने उभी राहिलो. नऊ वाजेपर्यंत आम्ही डाळिंबाची चार ओळी आळी भरली. कॉलेजला त्या दिवशी मी उशिरा पोचलो.