घरातल्या पाण्याची वहिवाट

माझे बालपण नागभीड तालुक्यातील एका धानाच्या गावी गेले. गावाचा सारा निस्तार मालगुजारी तलावावर चाले. गोंड राजांच्या आश्रयाने कोहळी शेतकऱ्यांनी या मुलखात असे तलाव जागोजाग बांधले. पुढे १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात येऊन ते सरकारजमा झाले, तरी कोणत्या बांधीला कोणाच्या मागून पाणी द्यावयाचे, ही वहिवाट वृद्धांच्या स्मरणात शाबूत होती.

तशीच वहिवाट माझ्या आजीने घरात घालून दिली होती. तांदळाचे पहिले धोवन, ज्यात कोंडा उतरून ते दुधासारखे पांढरे होई, ते गाईच्या घमेल्यात. दुसरे, काहीसे निवळ, ते सांदवाडीतल्या दोडक्याच्या वेलाला. राखेने घासलेल्या भांड्यांचे पहिले विसळण केळीच्या आळ्यात, आणि अखेरचे बऱ्यापैकी स्वच्छ पाणी पुढच्या भांड्यांसाठी घंगाळात राखलेले, असा तिचा क्रम होता. "धोवन फेकू नोको, बाबू," एवढेच ती म्हणे. परंतु त्या शब्दांना घरात हुकमाचे वजन होते.

नोकरीनिमित्त पुढे चंद्रपुरास बिऱ्हाड केले. शहर आणि महाऔष्णिक वीज केंद्र या दोहोंची तहान येथे इरई धरण भागविते. २०१० च्या उन्हाळ्यात तर पाण्याअभावी केंद्रातील संच बंद ठेवण्याची पाळी आली होती. एवढ्या अवाढव्य कारखान्यापुढे आपल्या बादलीची काय मातब्बरी, असे शेजारी विचारीत. प्रश्न रास्त आहे, आणि उद्योगांनी सांडपाणी शुद्ध करून पुनश्च वापरावे, हा आग्रह नागरिकांनी सोडता कामा नये. तथापि ज्या पाण्यावर माझा पूर्ण अंमल चालतो ते माझ्या घरातले, आणि त्याच्या बंदोबस्तासाठी इतर कोणाच्या सुधारणेची वाट पाहणे मला अनुचित वाटते.

म्हणून आजीचा क्रम मी नव्या साधनांना लावला. या जिल्ह्यात अनेक ठिकाणी भूजलात फ्लोराइड असल्यामुळे पाणी शुद्ध करणारे आरओ यंत्र पुष्कळ घरांत आले आहे. ते एक लिटर पाणी देताना त्याहून अधिक पाणी बाहेर टाकते, आणि ती नळी बहुधा थेट मोरीत सोडलेली असते. आमच्याकडे तिच्याखाली बादली असते. त्या पाण्यात क्षार व फ्लोराइड एकवटलेले असल्याने ते पिण्यास वा स्वयंपाकास सर्वथा वर्ज्य. मात्र फरशी पुसण्यास आणि शौचालयास ते उत्तम चालते. कूलरच्या टाकीत उरलेले पाणीही तसेच खारे होते. ते तुळशीला घालू नये, फरशीला वापरावे. अंघोळ बादलीत, नळ मोकळा सोडून दात घासणे बंद, आणि पाहुण्यास पेला अर्धाच भरून देणे, हवे तर पुन्हा द्यावे. यात आतिथ्याला उणेपणा येतो, असे मला कधी वाटले नाही.

सर्वांत मोठी गळती मात्र डोळ्यांआड असते. सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाकाठी सुमारे वीस लिटर पाणी वाया घालवितो, आणि नळाला जोडलेल्या कूलरचा फ्लोट बिघडला तर दुपारभर टाकी भरून वाहत राहते, पंख्याच्या आवाजात ते कोणाच्या ध्यानीही येत नाही. चंद्रपूर-गडचिरोलीच्या वाचकांना माझी विनंती आहे की, यंदा वाळ्याचे पडदे बदलाल त्याच दिवशी फ्लोट आणि घरातील प्रत्येक नळाचा वॉशर तपासून घ्यावा.