सत्काराची शाल आणि घरभाडे

आमच्या वस्तीतील महिला मंडळाची हिशोबाची वही गेली बारा वर्षे माझ्याकडे आहे. मंडळात बी.कॉम. झालेली मी एकटीच, त्यातून कचेरीत कारकुनी करते, म्हणून बायकांनी वही माझ्या हाती दिली. मागच्या महिन्यात जुनी पाने चाळताना २०१७ सालचे एक पान उघडले. सत्कार समारंभ. मंडप व स्पीकर ३,५०० रुपये. फ्लेक्स १,८०० रुपये. चहा-फराळ २,१०० रुपये. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह १,२०० रुपये.

वस्तीतील एक मुलगी कबड्डीच्या राज्य संघात निवडली गेली होती, तिचा तो सत्कार. त्या दिवशी माईकवर मीही बोलले होते. "हिने समाजाचे नाव उज्ज्वल केले," असे म्हणाले आणि टाळ्या पडल्या. दोन वर्षांनी तिचा गुडघा गेला, खेळ थांबला, बारावीनंतरचे शिक्षणही थांबले. आज ती एका कारखान्यात पॅकिंगचे काम करते. तिची आई रस्त्यात भेटली की "जयभीम ताई" म्हणते आणि माझी मान खाली जाते. कारण त्या पानानंतर आमच्या वहीत त्या मुलीचे नाव पुन्हा कुठेच नाही.

वही मिटली आणि मला एका परक्या देशातील बाईची आठवण झाली. तिचे नाव अल्थिया गिब्सन. ती टेनिस खेळत असे. तिच्याविषयी मी पूर्वी वाचले होते, आता पुन्हा सगळे नीट वाचून काढले. आपल्या घरांतून तिचे नाव फारसे कोणाला ठाऊक नाही, म्हणून तिची हकिकत सांगते.

अल्थियाचा जन्म २५ ऑगस्ट १९२७ चा, अमेरिकेतील साउथ कॅरोलिना राज्यातला. आईवडील दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने कापूस पिकवत. ती लहान असतानाच घर न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात आले. हार्लेम म्हणजे काळ्या लोकांची मोठी वस्ती. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, ते या हार्लेमला लागूनच आहे.

तिच्या घरासमोरची गल्ली पोलिसांच्या क्रीडा मंडळाने मुलांसाठी राखून ठेवली होती. दिवसा तिथे वाहने बंद. त्या गल्लीत लाकडी फळीने खेळायचे छोटे टेनिस चाले. अल्थिया त्यात इतकी तरबेज झाली की बाराव्या वर्षी शहराची विजेती ठरली. शाळेत मात्र तिचे पाऊल टिकेना. शाळा बुडवावी, सिनेमाला जावे, वडिलांचा मार खावा, असे दिवस. आज आपल्या वस्तीत अशी मुलगी दिसली तर आपण तिला वाया गेलेली म्हणू.

पण त्या गल्लीत बडी वॉकर नावाचा एक वादक होता. मुलांचे खेळ तोच पाहत असे. त्याने तिला रॅकेट मिळवून दिली. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी वर्गणी काढली आणि काळ्या लोकांच्या कॉस्मोपॉलिटन टेनिस क्लबात तिचे नाव घातले. तिथे तिला शिकवणारा फ्रेड जॉन्सन एका हाताचा होता. वस्तीने काढलेल्या चार पैशांतून ही मुलगी उभी राहिली, हे वाचताना मला आपल्या जयंतीच्या पावत्या आठवल्या.

पुढे दोन काळ्या डॉक्टरांनी तिला हाती धरले. डॉ. ह्युबर्ट ईटन आणि डॉ. वॉल्टर जॉन्सन. ईटन यांच्या घरी राहून तिने शाळा करायची, उन्हाळ्यात जॉन्सन यांच्याकडे राहून खेळायचे, असे ठरले. एकोणीस वर्षांची मुलगी लहान मुलांबरोबर पुन्हा बाकावर बसली. १९४९ साली शाळा संपली. १९५३ साली ती पदवीधर झाली. डॉक्टरांनी नुसती रॅकेट दिली असती तर पुढचे काही घडले नसते.

काळ्या खेळाडूंनी १९१६ साली आपली वेगळी टेनिस संघटना काढली होती. तिच्या स्पर्धेत अल्थिया १९४७ पासून लागोपाठ दहा वर्षे महिलांची विजेती होती. पण गोऱ्यांच्या राष्ट्रीय स्पर्धेचे दार बंद. कागदावर भेदभाव नव्हता बरे का! नियम एवढाच की आधीच्या स्पर्धांत गुण मिळवून यावे. आणि त्या स्पर्धा भरायच्या कुठे, तर जिथे काळ्या माणसाला पाऊल टाकता येत नाही अशा क्लबांत. ही कागदी सोय कशी असते, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

ते दार आतून ढकलले एका गोऱ्या बाईने. अ‍ॅलिस मार्बल ही पूर्वीची विजेती. जुलै १९५० मध्ये तिने एका टेनिस मासिकात जाहीर पत्र लिहून आपल्याच लोकांना लाज आणली. ऑगस्टमध्ये अल्थिया न्यूयॉर्कच्या फॉरेस्ट हिल्स मैदानावर उतरली. दुसऱ्या फेरीत समोर विम्बल्डन विजेती लुईस ब्रौ. तिसऱ्या सेटमध्ये अल्थिया ७-६ अशी पुढे असताना वादळ आले, वीज कोसळली आणि मैदानावरचा दगडी गरुड खाली पडला. खेळ थांबला. दुसऱ्या दिवशी अल्थिया ७-९ ने हरली. पण दार उघडले ते उघडलेच.

त्यानंतरची काही वर्षे बेताची गेली. कॉलेजात शिकवायची नोकरी धरली. खेळ सोडून सैन्यात जावे, असाही विचार तिच्या मनात आला. मग अमेरिकन सरकारने १९५५-५६ मध्ये काही खेळाडूंना आशियाच्या दौऱ्यावर पाठवले, त्यात ती होती. भारतातही ती खेळून गेली. त्या काळात इंग्लंडच्या अँजेला बक्स्टनशी तिची मैत्री जुळली. अँजेला ज्यू होती, तिलाही क्लबांनी दूर ठेवलेले. दोघींनी जोडी केली. १९५६ साली अल्थियाने फ्रेंच स्पर्धा जिंकली. अशी मोठी स्पर्धा जिंकणारी जगातील ती पहिली काळी व्यक्ती, पुरुषांतही तोवर कोणी नव्हते. त्याच वर्षी विम्बल्डनचे दुहेरीचे पद या जोडीने घेतले.

६ जुलै १९५७ रोजी तिने विम्बल्डनची एकेरी जिंकली. इंग्लंडच्या राणीने स्वतः पारितोषिक दिले. न्यूयॉर्कमध्ये उघड्या मोटारीतून तिची मिरवणूक निघाली, उंच इमारतींवरून कागदाच्या पट्ट्यांचा पाऊस पडला. पुढे फॉरेस्ट हिल्सही जिंकले. १९५८ साली पुन्हा दोन्ही जिंकले. सर्व मिळून मोठ्या स्पर्धांची अकरा पदे. मात्र जिथे तिला पेला दिला, त्याच फॉरेस्ट हिल्सच्या क्लबने १९५९ साली राल्फ बंच यांना आणि त्यांच्या मुलाला काळे म्हणून सभासदत्व नाकारले. बंच कोण, तर शांततेचे नोबेल पारितोषिक मिळालेले गृहस्थ!

आता हिशोबाची गोष्ट. त्या काळी टेनिस हौशी खेळ मानला जाई. विम्बल्डन जिंकले तरी बक्षिसाची रक्कम शून्य. पेला मिळे, प्रवासखर्च मिळे. मोठ्या स्पर्धांत पैसा आला तो १९६८ पासून, तेव्हा ती चाळिशीत होती. म्हणून १९५८ मध्ये, कीर्तीच्या शिखरावर असताना, तिने हौशी टेनिस सोडले आणि व्यावसायिक झाली. बास्केटबॉलचा खेळ सुरू होण्याआधी लोकांची करमणूक म्हणून टेनिस खेळून दाखवायचे, असा करार केला. त्यात पैसा मिळाला. नंतर स्वतःचा दौरा काढला, त्यात बुडाला. गाण्यांची तबकडी काढली. एका सिनेमात मोलकरणीचे काम केले, पण तिथली अडाणी ठरवणारी बोली बोलायला नकार दिला. पाव बनवणाऱ्या कंपनीची प्रचारक झाली. १९६४ साली, ३७ व्या वर्षी, महिलांच्या व्यावसायिक गोल्फमध्ये उतरली. तिथेही ती पहिलीच काळी बाई. काही क्लब आत घेत नसत, म्हणून मोटारीत बसून बूट बदलायचे. चौदा वर्षे खेळली, एकही स्पर्धा जिंकली नाही.

तिच्या समाजातील काही पत्रकार तिला गर्विष्ठ म्हणत. आपल्या लोकांसाठी ही पुरेसे बोलत नाही, अशी त्यांची तक्रार. ती म्हणे, मी खेळाडू आहे, पुढारी नाही. मी स्वतः चळवळीत वाढलेली, मलाही हे आधी खटकले. पण मग वाटले, तिच्याकडून सगळ्यांनी झेंडा मागितला, आणि तिच्या चुलीचे मात्र कोणी विचारले नाही.

न्यू जर्सी राज्यात तिने क्रीडा आयुक्ताचे पद सांभाळले. पुढे मेंदूतील रक्तस्रावाचे झटके आले. १९९० च्या दशकात एक दिवस तिने इंग्लंडला अँजेलाला फोन केला. घरभाड्याला पैसे नाहीत, औषधाला नाहीत, जीव द्यावासा वाटतो, असे तिने सांगितले. अँजेलाने पैसे धाडले आणि एका टेनिस नियतकालिकाला पत्र लिहिले. ते छापून आल्यावर जगभरातून पाकिटे येऊ लागली. जवळपास दहा लाख डॉलर जमले, असे सांगतात. २८ सप्टेंबर २००३ रोजी अल्थिया वारली. २०१९ साली न्यूयॉर्कच्या टेनिस मैदानात तिचा पुतळा बसला. २०२५ साली अमेरिकन सरकारने पाव डॉलरच्या नाण्यावर तिचे चित्र काढले. जिला भाड्याला पैसे नव्हते, ती आता पैशावर आहे!

लोक वाईट नव्हते. पत्र छापताच त्यांनी हात मोकळा सोडला. कोणी विचारलेच नव्हते, एवढेच. आम्हा कारकुनांच्या भाषेत तरतूद म्हणून एक शब्द आहे. आज खर्च नाही, पण उद्या लागणार, म्हणून आधीच बाजूला काढून ठेवायची रक्कम. हार्लेमच्या शेजाऱ्यांनी आणि त्या डॉक्टरांनी आपले काम चोख केले. पुढच्या तीस वर्षांची तरतूद कोणाच्याच वहीत नव्हती.

मंडळाच्या बैठकीत मी हे बोलले. फ्लेक्स आणि मंडपाचे पैसे वाचवून खेळाडू मुलामुलींच्या शिक्षणाला व औषधाला ठेवू, असे सुचवले. एक बाई म्हणाली, "ताई, फ्लेक्स नसला तर लोकांना कळायचं कसं?" दुसरी म्हणाली, "कळून तरी काय झालं मागच्या वेळेस?" बराच वाद झाला. शेवटी निम्मी रक्कम ठेवायचे ठरले.

रविवारी मी त्या मुलीच्या घरी गेले. स्मृतिचिन्ह टीव्हीवर होते, शाल आजीच्या अंगावर. तिला मी अल्थियाची हकिकत सांगितली, एकोणिसाव्या वर्षी ती पुन्हा शाळेत बसली तेही सांगितले. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "काकू, तिचा गुडघा चांगला होता ना?" मला उत्तर सुचेना. चहा झाल्यावर मी पिशवीतून मुक्त विद्यापीठाचा प्रवेश अर्ज काढला. तिने तो दोनदा वाचला. "कामाची पाळी सांभाळून जमेल का?" तिने विचारले. "बसून बघू," म्हटले. आम्ही दोघींनी मिळून तो भरला. गुडघा दाखवायला पुढच्या शनिवारी जायचे आहे.

भगिनींनो, तुमच्याही वस्तीत असा एखादा सत्कार झाला असेल. त्या मुलीचे आज कसे चालले आहे, ते एकदा तिच्या घरी जाऊन विचारा. जयभीम.