परका हात

अंगाला तेल चोळून घेणे हा आपल्या लोकांना नव्याने शिकवावा लागेल असा प्रकार नव्हे. नरकचतुर्दशीच्या पहाटे ज्याच्या टाळूवर तेल थापले गेले नाही आणि ज्याच्या अंगठ्याखाली कारीट फुटले नाही, असा मनुष्य गोमंतकात विरळाच. बाळंतिणीला वयजीण तेल लावी, पैलवानाला तालमीतला जोडीदार. वाग्भटाने तर अष्टांगहृदयात अभ्यंग नित्य करावा असे सांगून मस्तक, कान आणि पाय यांचा विशेष निर्देश केला आहे. (कफाचा विकार असलेल्याने, नुकतेच शोधन झालेल्याने व अजीर्ण झालेल्याने तो करू नये, हेही त्याने लगेच पुढे सांगितले आहे, आपण बहुधा पहिला भागच लक्षात ठेवतो.)

परंतु या सर्व हातांना नाते होते. आई ‘मान खाली’ म्हणे आणि आपण मान खाली घालीत असू. वयजीण घरची नसली तरी तिने आपल्या आईचेही बाळंतपण केलेले असे. हात कोठवर जावा आणि कोठे थांबावा हे त्या नात्यानेच ठरवून ठेविलेले होते. आता उपचारकेंद्रात जो हात आपल्या पाठीवर पडतो, त्याला आपले नाव ठाऊक असते ते पावतीपुरते. नात्यामुळे जे न बोलता ठरत असे, ते येथे बोलूनच ठरवावे लागते. आणि आमच्या पिढीतील स्त्रियांना नेमके हेच जड जाते. उपचार करणाऱ्यासमोर तोंड न उघडणे म्हणजे विनय, असेच वळण आम्हांला लाविलेले.

मला या वाटेने जावे लागले ते हौसेखातर नव्हे. काही वर्षांपूर्वी माझ्या डाव्या स्तनावर मोठी शस्त्रक्रिया झाली. काखेतील ग्रंथीही काढाव्या लागल्या. जीव वाचला, पण खांदा आखडला. दोन्ही हात मागे नेऊन अंबाडा घालणे ही साधी गोष्ट. तीही सुनेवर सोपवावी लागली. हाताचे व्यायाम नेमाने केले, तो पुष्कळसा मोकळा झाला. मान आणि पाठ मात्र दगडासारखी राहिली. डॉक्टरांच्या संमतीने मालिश करून पाहावे असे ठरले. दुखण्याची भीती मला नव्हती. भीती होती ती कोणी पाहील याची. माझी ती बाजू तोवर घरातही कोणी पाहिली नव्हती.

पहिल्या ठिकाणी (नाव सांगण्यात अर्थ नाही) एका मुलीने मला खोलीत नेले, सर्व कपडे काढावयास सांगितले आणि ती तेथेच उभी राहिली. दाराला कडी नव्हती. मी चादर मागितली, तेव्हा ‘इथे सगळ्या अशाच झोपतात’ असे उत्तर मिळाले. सगळ्या झोपत असतील. मी पदर सावरला आणि घरी आले.

परतताना बसमध्ये देवळातला पडदा आठवत होता. देवाचे स्नान आणि शृंगार चालू असता गाभाऱ्यापुढे पडदा ओढतात. आपण बाहेर थांबतो आणि त्यात कोणाला अपमान वाटत नाही. पंढरपुरी आषाढीनंतर प्रक्षाळपूजा असते. भक्तांसाठी अहोरात्र उभ्या राहिलेल्या विठ्ठलाचा शीण जावा म्हणून मूर्तीला लिंबू-साखर चोळून ऊन पाण्याने स्नान घालण्याची आणि रात्री काढा दाखविण्याची परंपरा आहे. थकलेल्या अंगाची एवढी बूज राखणाऱ्या समाजाला एक चादर आणि एक कडी जड का व्हावी?

पाश्चात्त्यांचेच हे चोचले, असे कोणी म्हणेल. त्यांस पाटण्याच्या शेख दीन मुहम्मदाची गोष्ट सांगावीशी वाटते. 1759 साली जन्मलेल्या या गृहस्थाने पुढे इंग्लंडात ब्रायटन येथे स्नानगृह काढून तेथल्या लोकांना आपली ‘चंपी’ शिकविली. इंग्रजीतील ‘शाम्पू’ हा शब्द आपल्या ‘चाँपो’वरूनच गेलेला. त्याचा रोगी फ्लॅनेलच्या लहानशा तंबूत वाफ घेत बसे. तंबूला बाह्या शिवलेल्या असत आणि चोळणारा बाहेर उभा राहून त्या बाह्यांतून केवळ आपले हात आत घाली. इतकी सोय मला नको होती; पण कल्पना आवडली.

दुसऱ्या ठिकाणच्या वैद्यबाईंनी तेलाला हात लावण्यापूर्वी पाऊण तास प्रश्नच विचारले. रक्तदाब, मधुमेह, कोठली औषधे, पायाच्या शिरेत कधी रक्ताची गाठ झाली होती काय, ताप किंवा उघडी जखम आहे काय. मग त्या म्हणाल्या, “कोठे हात लावलेला चालणार नाही, ते आता सांगा.” हा प्रश्न मला आयुष्यात प्रथमच कोणी विचारीत होते. मी सांगितले: छाती नको, पोट नको. त्यावर त्यांनी आपलीही एक अट घातली. काखेतील ग्रंथी काढल्या की त्या हातातील लसिकेचा निचरा मंदावतो, सूज येण्याचा धोका राहतो. म्हणून डावा हात व ती बाजू आपल्याकडे कोणी जोराने चोळणार नाही, मी आग्रह केला तरी नाही. मर्यादा केवळ रोग्यानेच घालावयाची असते, ही माझी समजूत त्या दिवशी गेली. चोळणाऱ्या मुलींनाही त्या असतात. पैसे मोजले म्हणजे मुलीशी वाटेल तसे वागावे, असे समजणारी गिऱ्हाइके येतात, असे वैद्यबाई म्हणाल्या. त्यांना तेथल्या तेथे बाहेरचा रस्ता दाखविला जातो.

मला मिळालेली मुलगी केरळची होती. तिला मराठी येत नव्हते, माझे हिंदी बेताचे. तिने मला आधी एक शब्द शिकविला: ‘मति’, म्हणजे पुरे. मी तिला आमचा ‘पुरो’ शिकविला. मग ती बाहेर गेली. मी उजव्या हाताने ब्लाऊज उतरविला, पालथी झाले, चादर ओढून घेतली आणि होकार दिल्यावरच ती आत आली. जेवढ्या भागाला तेल लावावयाचे तेवढीच चादर ती दुमडीत असे. उजव्या खांद्यावर अंगठा जोराचा लागला. मी ‘मति’ म्हणाले, आणि हात तत्काळ उचलला गेला. खरे सांगावयाचे तर तेवढे काही दुखले नव्हते. शब्द चालतो की नाही, हे मला पाहावयाचे होते.

चौथ्या दिवशी डाव्या पाठफऱ्याच्या कडेशी येऊन ती आपण होऊनच थांबली आणि “पुरो?” असे विचारती झाली. मी म्हटले, आणखी दोन बोटे पुढे चालेल, पण हळू. तिने पुढचा हात हळूच ठेविला.

सातव्या दिवशी मला चक्क झोप लागली. जाग आली तेव्हा खांद्यापर्यंत चादर होती, खोलीत कोणी नव्हते आणि बंद दारावर बाहेरून कोणी हलकेच टिचक्या मारीत होते.