पांढरीची माती

आर्णीस अरुणावती नदी आहे, बाबा कंबलपोष यांचा दर्गा आहे आणि यवतमाळहून महागांव-उमरखेडकडे जाणारा हमरस्ता गांवावरून गेला आहे. परक्यास गांवाची एवढी ओळख पुरते. (‘कंबल’ संस्कृत आणि ‘पोश’ फारसी, असा समास आमच्या व्याकरणांत बसत नाहीं, पण उरुसास येणाऱ्या हिंदु-मुसलमानांचें त्यावांचून कांहीं अडलें नाहीं.) शिक्षक असतांना आमचेंहि एवढ्या ओळखीवरच भागत असे.

मुलांस जुनें बांधकाम दाखवावयाचें म्हणजे आम्ही त्यांस यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या कमलेश्वराच्या देवळांत नाहीं तर पायऱ्या उतरून जावें लागणाऱ्या कळंबच्या चिंतामणीस नेत असूं. मग हेमाद्रीवर व्याख्यान! देवगिरीच्या यादवांच्या पदरचा हा १३ व्या शतकांतील पंडित. त्यानें ‘चतुर्वर्गचिंतामणि’ हा व्रतें, दानें, श्राद्धें यांवरील प्रचंड ग्रंथ रचिला, आणि त्याच्या नांवावर खपणारीं पुष्कळ देवळें त्याच्याहून जुनीं आहेत, हें सांगतांना आम्हांस विशेष आनंद होई. एकदां एका मुलानें विचारिलें, “गुरुजी, तुमचा वाडा किती जुना?” आम्हीं त्यास हंसून गप्प केलें.

वाडा मातीच्या जाड भिंतींचा, सागवानी खांबांचा; वर धाबें. वऱ्हाडांत शेतास काळी म्हणतात व वस्तीच्या जागेस पांढरी. पडक्या गढ्यांची ती पांढरी माती पाणी चटकन झिरपूं देत नाहीं, म्हणून दरसाल मृगापूर्वीं तिचा थर धाब्यावर देत. म्हणजे मोडलेली जुनी वस्ती टोपल्या-टोपल्यांनीं नांदत्या घरांच्या माथ्यावर चढत असे. वडील होते तोंवर हा नेम चुकला नाहीं. पुढें भावंडें नागपूर-पुण्याकडे गेलीं, थोरले बंधु वारले, वाड्यांत वहिनी एकट्या उरल्या. आम्ही गांवांतच दुसऱ्या घरीं राहत होतों. तीन पावसाळे माती पडली नाहीं. चौथ्यांत माजघरावरची तुळई कुजून खचली, आणि वाडा पाडण्याच्या कागदावर सर्वांच्या आधीं सही झाली ती आमची.

वहिनींनीं आवराआवर करतां करतां एवढेंच म्हटलें, “भाऊजी, हेमाडपंताचं तासन्‌तास सांगतां. चार टोपल्या माती टाकायला कुणाला सांगितलं असतंत तर?”

आमच्याजवळ उत्तर नव्हतें, आजहि नाहीं. मजूर मिळत नाहींत, हें आम्ही सर्वांस सांगत असूं. पण आम्हीं ते शोधलेच नव्हते.

भिंती दोन दिवसांत आडव्या झाल्या. लांकूड ठेकेदाराच्या वांट्याचें ठरलें होतें. ओसरीवरचा एक खांब आम्हीं त्याजकडून विकत घेतला. त्यानें टेप लावून भाव सांगितला, आम्हीं घासाघीस केली नाहीं. सध्यां तो परसांत विटांवर आडवा ठेविला आहे, वर पत्रा घातला आहे. मृग लागण्यापूर्वीं आम्ही तो पत्रा उचलून खालीं ओल आली आहे काय, हें पाहतों.