विहिरीतलं वारं

आमच्याकडं उन्हाळ्यात विहिरीचा गाळ काढायचा म्हणजे आधी कंदील उतरवायचा. आबा कंदिलाला दोर बांधून तो हळूहळू खाली सोडायचे. ज्योत तळापर्यंत तशीच राहिली तर गडी उतरायचा. ती मिणमिणून विझली की आबा म्हणायचे, "हिरीत वारं न्हाई. आज कुणी उतरायचं न्हाई." मग कडुनिंबाचा मोठा डहाळा दोराला बांधून दिवसभर खालीवर करायचा, वरून बादल्यांनी पाणी शिंपडायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कंदील.

त्यात शहाणपण होतं. पडून राहिलेल्या विहिरीत पालापाचोळा कुजतो, प्राणवायू संपवतो आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो. तो हवेपेक्षा दीडपट जड, म्हणून तळाशी बसून राहतो.

पण आता बोअर आल्या, नळ आले आणि जुन्या विहिरी ओस पडल्या. कुणी त्यात कचरा टाकतं, कुणी गोबरगॅसची रबडी सोडतं. २०२४ च्या गुढीपाडव्याला, ९ एप्रिलला, नेवासा तालुक्यातल्या वाकडी गावात अशाच विहिरीत मांजर पडलं. ते काढायला एक जण उतरला. मग त्याला काढायला दुसरा, तिसरा, असे सहा जण उतरले. पाच गेले. वाचला त्याच्या कमरेला दोर होता. त्यांना अक्कल नव्हती असं कुणी म्हणू नये. आपलं माणूस डोळ्यांदेखत बुडताना पाय थांबत नाहीत.

अशा विहिरीवर आबांचा कंदील चालायचा नाही, हे आता पोरांना सांगावं लागतं. गोबरगॅसमध्ये निम्म्याहून जास्त मिथेन असतो. त्याला वास नाही, रंग नाही. हवेत तो शंभरात पाच ते पंधरा भाग झाला की ठिणगीनंसुद्धा भडका उडतो. तिथं कंदील सोडणं म्हणजे काडी लावणंच. रबडी ढवळली की आत कोंडलेले वायू एकदम सुटतात. त्यातला एक सडक्या अंड्यासारखा घाण वास मारतो, पण तो फार झाला की नाकच बधिर होतं. माणसाला वाटतं, वास गेला, आता भ्या न्हाई. आणि विहिरीत डिझेल इंजिन चालवलं असेल तर त्याच्या धुरातही विषारी वायू असतो. त्यात कंदील जळत राहतो आणि माणूस कोसळतो.

म्हणून रबडीच्या विहिरीत कुणीच उतरू नये. विडी, काडी, कंदील तिच्यापासून लांब ठेवावं. साध्या विहिरीत उतरायचं झालंच तर कमरेला दोर आणि वर ओढायला दोन-तीन गडी पाहिजेत. आत गेलेला बोलेनासा झाला तर वरूनच ओढावं. दोर नसेल तर ११२ ला फोन लावावा आणि दुसऱ्याला उतरू देऊ नये. त्या वेळी भावाला, बापाला मिठी मारून काठावर धरून ठेवावं लागतं. तो शिव्या देईल, रडेल. देऊ द्यावं, रडू द्यावं, पण सोडू नये.