परसातली कळलावी

मोताळ्यात आमच्या घराच्या मागे उत्तरेच्या अंगाला एक मोठा कडुलिंब आहे. त्याच्याखाली दिवसभर सावली असते. तिथे वांगी लावली, ती नुसती उंच झाली. मिरची लावली, फुले गळून गेली. झेंडूला पानेच पाने. शेवटी तो तुकडा आम्ही मोकळा सोडला. आता तिथेच श्रावण-भादव्यात लाल-पिवळ्या ज्वाळा पेटल्यासारखी फुले दिसतात. ही कळलावी. कुणी हिला खड्यानाग म्हणते, कुणी वाघनखी. संस्कृतात अग्निशिखा आणि लांगली. लांगल म्हणजे नांगर, आणि हिचा गड्डा हातात घेतला की नाव का पडले ते लगेच कळते.

गड्डा मेहुण्याच्या शेतातला. धुरा साफ करताना कुदळीने वर आला, तो फेकून देणार होता. पूर्वी धुऱ्याधुऱ्याला ही वेल असायची. आता धुऱ्यावरही तणनाशक मारतात, मग वेल राहणार कुठे? पावसाळ्यात बुलडाण्याला जाताना राजूर घाटातल्या झुडपांवर मात्र अजून ती दिसते.

लावायला कष्ट नाहीत, पण सांभाळावे लागते. मृग लागला की गड्डा चार बोटे खोल आडवा ठेवायचा. त्याच्या टोकाला एकच नाजूक डोळा असतो. तो मोडला की ते वर्ष गेलेच समजा. जमीन पाणी धरणारी नको. न्हाणीचे सांडपाणी तिथे आले तर गड्डा सडतो, म्हणून आम्ही मुरूम टाकून जागा उंच केली. बुडाशी सावली आणि शेंड्याला थोडे ऊन, असे तिला मानवते. वेलीला वेगळे ताणे नसतात. पानाचे टोकच वळून तुऱ्हाटीला गच्च धरते आणि वेल पुरुषभर चढते. फूल उमलते तेव्हा हिरवट-पिवळे असते. मग केशरी, मग लालभडक. सहा पाकळ्या मागे उलटलेल्या, कडा कुरळ्या. बी पेरून वेल करायची तर फुलासाठी तीन-चार वर्षे थांबावे लागते. आम्हाला तेवढा धीर नव्हता.

पहिले फूल आले आणि गल्लीतल्या बाया येऊन सांगू लागल्या, "हे काहून लावलं वो बाई? घरात भांडनं लागतीन ना!" कळलावी दारात असली की घरात कळ लागते, असा समज जुना आहे. आमच्या घरात भांडणे होतात ती पगार उशिरा झाला की होतात. वेल नव्हती तेव्हाही होत होती. फुलाकडे तो दोष जात नाही.

पण वेलीला भ्यायचे नाही असेही नाही. तिच्या अंगोअंगी विष आहे, गड्ड्यात आणि बियांत जास्त. त्या विषाला कोल्चिसिन म्हणतात. गड्डा दिसायला रताळ्यासारखा, आणि रताळे किंवा रानातला कंद समजून खाल्ल्याने माणसे मेलेली आहेत. खाल्ल्यावर लगेच काही होत नाही, तोच धोका. काही तासांनी घशात आग, उलट्या, पटकीसारखे जुलाब सुरू होतात. पुढे एकेक अवयव निकामी होत जातो. वाचलेल्या माणसाचे केससुद्धा आठ-पंधरा दिवसांनी गळतात. यावर हमखास उतारा नाही. म्हणून पोटात गेल्याचा नुसता संशय आला तरी उलटीची वाट न पाहता १०८ ला फोन करायचा, आणि खाल्लेल्या गड्ड्याचा तुकडा डॉक्टरांना दाखवायला सोबत न्यायचा. आम्ही त्या जागेभोवती बोराटीचे कुंपण केले आहे. शेळीचे तोंड तिथे पोचत नाही. हळद-अद्रक दुसऱ्या टोकाला लावतो. गड्डा हाताळताना हातात प्लास्टिकची पिशवी घालतो. मुलांना फूल दुरून दाखवले, नाव शिकवले, आणि खाली काय आहे तेही सांगितले.

एक गोंधळ नावाचा आहे. आपल्याकडे काही लोक हिलाच बचनाग म्हणतात. खरा बचनाग हिमालयातला, निळसर फुलांचा. त्याचे भाऊबंद थंड मुलखातले लोक बागेत सावलीला लावतात. तोही जहरीच. आपल्या मे महिन्याच्या उन्हात तो तग धरणार नाही. तेव्हा कुणी बचनाग म्हणून मुळी दिली तर ती कुठलीही असो, घरात ठेवू नये.

मागच्या पावसाळ्यात पलीकडच्या गल्लीतल्या एक मावशी आल्या. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. म्हणाल्या, "बाई, थो गड्डा दे वं. पोरीच्या तयपायाले लावतो, लवकर सुटका होईन." कळा आणणारी म्हणून कळलावी, असाही नावाचा अर्थ लावतात. तिचे एक संस्कृत नाव गर्भघातिनी आहे. जुन्या बायांना आम्ही नावे ठेवणार नाही. नर्स नव्हती, रस्ता नव्हता, रात्री बैलगाडीत बाई अडली तर हाताशी असेल ते लावायचे. पण तळपायाला किती लावले, अंगात किती गेले, हे कोण मोजणार? आणि उरलेला तुकडा कुणी उगाळून पाजला तर? आम्ही नाही म्हटले. मावशी रागावून गेल्या, दोन महिने बोलल्या नाहीत. म्हणजे कळ लागली ती अशी! पोर सरकारी दवाखान्यात बाळंत झाली, मुलगी झाली. मावशी आता बोलतात, पण परसात येत नाहीत.

हेच झाड तमिळनाडूत शेतकरी मांडव घालून पीक म्हणून घेतात. तिथले ते राज्यफूल आहे. बिया औषध कंपन्यांना विकल्या जातात, आणि कोल्चिसिनच्या अगदी बारीक, मोजलेल्या गोळ्या डॉक्टर सांधे सुजणाऱ्या गाऊट या दुखण्यावर देतात. बिनबियांचे कलिंगड तयार करायलासुद्धा हेच विष वापरतात. त्याने रोपाची गुणसूत्रे दुप्पट होतात. हे वाचून आमच्या थोरल्याने विचारले, आपणही बी विकायचे का? एका वेलीचे बी कोण घेणार, म्हणून तो विषय तिथेच थांबला. शेंगा वाळल्या की आम्ही त्या तोडून खड्ड्यात खोल पुरतो. आतले बी लाल-केशरी असते, लहान मुलाच्या हाताला लगेच दिसेल असे.

दिवाळीनंतर वेल वाळून जाते आणि जमिनीवर काहीच उरत नाही. तिथे आम्ही लाल चिंधी बांधलेली खुंटी ठोकतो. उन्हाळ्यात परस खणायला कुणी आले की पहिली ती खुंटी दाखवतो, मग कुदळ हातात देतो.