सुट्टीनंतरची भेट

समुपदेशकानं सुट्टी घ्यायची असेल तर ती तीन-चार आठवडे आधी सांगावी, परत येण्याची तारीखही सांगावी, असं मी या कामात नव्यानं येणाऱ्यांना सांगते. त्यांना ती ऑफिसची शिस्त वाटते. माझ्या लेखी तो उपचाराचाच भाग आहे.

दिल्लीत मुनिरक्यात माझ्याकडे येणारी मुलं बहुतेक जेएनयूतली, नाहीतर बेरसरायच्या बाजूला यूपीएससीच्या तयारीसाठी राहिलेली. खोलीची खिडकी उघडली की समोरच्या इमारतीची भिंत. या मुलांत मराठवाड्यातलेही असतात. बीडकडचे ऊसतोड आईबाप दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन निघतात ते उन्हाळ्याच्या तोंडावर परततात, लेकरू आजीपाशी. मग सहावीला नवोदय, वसतिगृह. अशा अनेकांचा मिळून मी इथे एक ‘तो’ केला आहे. ओळख कुणाचीच पटू नये.

तो वेळेवर येतो, मोजकं बोलतो. “बाकी ठीक आहे, मॅडम.” नवख्या समुपदेशकाला वाटावं, किती समंजस! सुट्टीचं सांगितलं की म्हणतो, “काही हरकत नाही, निवांत जा.” आणि सुट्टीनंतरच्या पहिल्या भेटीला फिरकत नाही.

मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी 1950च्या दशकात युगांडातल्या खेड्यांत आणि पुढे बाल्टिमोरमध्ये तान्ह्या मुलांचं निरीक्षण केलं. बाल्टिमोरच्या प्रयोगात आई खोलीबाहेर जाते आणि थोड्या वेळानं परत येते. मूल किती रडलं यापेक्षा ती परतल्यावर त्यानं काय केलं, हे त्यांना महत्त्वाचं वाटलं. काही मुलं आईकडे बघतही नाहीत, खेळण्यातच रमल्यासारखी दिसतात. पुढच्या अभ्यासांत दिसलं, की छातीचे ठोके त्यांचेही वाढलेले असतात. ‘काही हरकत नाही’ ऐकताना मला ते ठोके आठवतात.

तो आला नाही की मी मेसेज टाकते: “आज तुझी वेळ होती. पुढच्या गुरुवारी याच वेळी मी आहे.” जाब विचारत नाही. आल्यावर मात्र विचारते, मी गेल्याचा राग आला का? नाही म्हणतो. काही आठवड्यांनी पुन्हा विचारते. अशातच कधीतरी “ताई, तेव्हा नव्हतं जायला पाहिजे तुम्ही” असं फटकन येतं, तेव्हा कुठे काम सुरू होतं. मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बींनी 1988च्या पुस्तकात थेरपिस्टला सुरक्षित तळ म्हटलं, ते मला इथे पटतं: या तळावर रागावता आलं पाहिजे.

आम्हा समुपदेशकांचंही बालपण त्या खोलीत बसलेलं असतं. रात्री-अपरात्री फोन घेणारा समुपदेशक कुणाला तरी वाचवत असतो, पण नेहमी समोरच्यालाच असं नाही. गप्प मुलाबरोबरचा तास सोपा जातो. म्हणून मी त्या सोपेपणावर संशय घेते.

एक गोष्ट मात्र मला खपत नाही: सगळं आईवर ढकलून मोकळं होणं. या मुलाला आजीनं पोटाशी धरून वाढवलं, तेही त्याच्या हिशेबात धरायला हवं. आणि आई हौसेनं गेली नव्हती. घरात मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली होती. मुकादमाची गाडी दारात आली की निघावंच लागायचं.